गोळ्या थांबवल्यावर

४ फेब्रुवारी

दादा,

तू विचारलंस, दिवसभर त्या खोलीत करतेस तरी काय, कुलूपवाल्याला कळेल असं सांग. सांगते.

खोलीला खिडकी नाही. दोन फ्रीज आहेत. एक गप्प झाला की दुसरा घुरघुरायला लागतो. टेबलावर नळ्यांचं स्टँड, आणि काचेपलीकडे आमच्या मोठ्या बाई. त्यांनी धडधाकट माणसं गोळा केली आहेत, आपखुशीने आलेली. त्यांचे चार गट. एका गटाला खोट्या गोळ्या, आत औषध काहीच नाही. दुसऱ्याला सी जीवनसत्त्व. तिसऱ्याला लोह. चौथ्याला दोन्ही. कोणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नसतं आणि मलाही नसतं, बाटल्यांवर नुसते आकडे. सुरुवातीला सगळ्यांचं रक्त घेतलं, सहा आठवड्यांनी परत घेतलं, आणखी सहा आठवड्यांनी शेवटचं घेणार.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी मी वेगळ्या काढते आणि त्यांच्या आतून डीएनए बाहेर काढते. हा एक लांबलचक धागा आहे असं समज. पुढची पेशी कशी घडवायची ते सगळं त्याच्यावर असतं. आपण श्वासातून घेतो तो प्राणवायू ह्या धाग्याला कुठेकुठे डाग पाडतो. ते डाग मी मोजते. तुझ्या भाषेत गंज.

मंगळवारी सहा आठवड्यांचे आकडे उघडले. चौथ्या गटात डाग जास्त निघाले. मोठ्या बाई कधी जिनाही घाईने चढत नाहीत, त्या बोळातून धावत आल्या. म्हणाल्या, "अगं, हे खरं निघालं तर लोक गोळ्यांच्या बाटल्या फेकून देतील!" लोह चांगलं, सी जीवनसत्त्वही चांगलं, पण एकत्र आले की हे असं. दोन सरळ माणसांनी लग्न करावं आणि रोज भांडी आपटावीत, तसं.

तुझा अशक्तपणा कसा आहे? तुझ्या वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना नमस्कार.

छोटी


१३ फेब्रुवारी

छोटे,

फोन केला होतास. मी उचलला, पण निम्मंच ऐकू आलं आणि उरलेलं मी मनाने भरलं. चाळीस वर्षं कानस घासली, कान गेले. तू पत्रच लिही. पत्र ओरडत नाही.

डीएनएचं समजलं. मूळ किल्लीवरून मी नक्कल कापतो. मूळ किल्लीला ओरखडा असेल तर तो नकलेत उतरतो. त्या नकलेवरून दुसरी कापली की ओरखडा वाढतो. पाचवी-सहावी किल्ली कुलपात जातच नाही, किंवा जाते आणि अडकून बसते. असंच ना?

एक गंमत केली. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, लोहाची एक गोळी आणि सीची एक गोळी टाकली, आणि कापलेली नवीकोरी किल्ली आत सोडली. सकाळी किल्ली काळपट झाली होती. बोटाने पुसली तर बोटाला डाग आला. धुऊनही गेला नाही. नुसतीच गंमत, तुझं पत्र वाचून सुचली.

ज्यांना दोन्ही मिळत होतं, त्यांना तुम्ही सांगितलंत का? त्यांचं पुढे काय होणार?

आणखी एक. आईला आधी रक्त कमी म्हणून ह्याच गोळ्या होत्या ना? मग तिच्या पोटात ते निघालं, ज्याचं नाव आपण घरात घेत नाही. मला नीट आठवत नाही, तू लहान होतीस, तुला तर आठवणारच नाही. तरी विचारतो.

माझी तब्येत ठणठणीत आहे. शिवणवाल्या बाई म्हणतात, "कुलूपवाले, तुमच्या चेहऱ्यावर माझा खडू सांडलाय का?" त्यांना कापडाशिवाय दुसरं दिसत नाही.

दादा


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझा पेला मोठ्या बाईंना सांगितला. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "भावाला इथे नोकरीला बोलाव."

पण ऐक. पोट म्हणजे पेला नव्हे. शरीर लोहाला मोकळं फिरू देत नाही. पोलिसाच्या पहाऱ्यात कैदी न्यावा तसं ते त्याला बांधून नेतं. शिवाय धाग्यावर डाग पडले तरी ते काढणारे कारागीर आतच असतात, रात्रंदिवस कामावर. आम्हाला जे दिसलं ते थोडंसं आहे, आणि त्याचा अर्थ काय हे अजून मोठ्या बाईंनाही माहीत नाही.

आईचा संबंध लावू नकोस. लोकांना ते गोळ्यांनी होत नाही.

आणि अरे, तुझी किल्ली वाचताना एकदम लक्षात आलं. तूही दोन्ही घेतोस! लोहाची गोळी सीबरोबर घे, अंगी लागते, असं मीच तुला सांगितलं होतं आणि मीच विसरले. त्या गोळ्या अजिबात थांबवू नकोस. तुझं रक्त खरोखरच कमी आहे, आमच्या धडधाकट लोकांसारखं नाही. शपथ घाल म्हणालास तर शपथ घालते.

घेतोयस ना?

छोटी


६ मार्च

छोटे,

घेतोय, घेतोय. शपथ नको.

इकडे काम बरं आहे. एका कचेरीची तिजोरी आली, तिची कडी आतून तुटलेली. पूर्वी असला दरवाजा मी खांद्याने उचलून धरायचो. ह्या वेळी स्टुलावर बसावं लागलं. तिजोरीचा मालक म्हणाला, "मास्तर, तिजोरी उघडायची आहे, तिच्यावर झोपायचं नाही." मीही हसलो. दरवाजा दुपारी उघडला. जिना मात्र मधल्या वळणावर थांबून चढतो. तिथे खिडकी आहे, बघायला बरं वाटतं.

तुझं काम वाचून डोक्यात एक प्रश्न राहिला. गोळ्या घेणाऱ्यांपैकी कोणी मधेच सोडून दिल्या तर त्यांचा अंमल अंगातून कधी उतरतो? म्हणजे पूर्ण. काही मागे राहत नाही, असं कधी म्हणायचं? आठवडा, महिना, की त्याहून जास्त? वेळ मिळेल तेव्हा लिही. घाई नाही.

तसं लवकर लिहिलंस तरी चालेल.

दादा


१८ मार्च

दादा,

तुझं पत्र येऊन पडलं होतं, उत्तराला उशीर झाला. इथे वातावरण बरं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पडलेले डाग काही दिवसांतच निघायला लागतात, आणि पांढऱ्या पेशीही फार जगत नाहीत, नव्या येतात. म्हणजे गोळ्या सोडल्यावर चार-सहा आठवड्यांत त्या माणसात वेगळं काही दिसू नये. एवढं पुरे ना? तुला ह्यात इतका रस वाटेल असं मला वाटलं नव्हतं. शाळेत विज्ञानाच्या तासाला तू बाकाची कुलुपं उघडायचास, असं मावशी सांगते.

इथलं सांगते, पण कोणाला बोलू नकोस. शेवटचं रक्त तपासायला घेतलंय आणि आकडे वेड्यासारखे येताहेत. खोट्या गोळ्यावाल्यांनाही डाग. एका दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी कमी. मोठ्या बाई काचेपलीकडून माझ्या हातांकडे बघत बसतात. काल मी तीन वेळा हातमोजे बदलले, कशासाठी ते मलाच कळलं नाही. काहीतरी माझ्या हातून होतंय असं वाटतं आणि काय ते सापडत नाही.

जड दरवाजे उचलू नकोस. वय झालं आता तुझं, मान्य कर.

छोटी


२९ मार्च

छोटे,

तुझ्या हातून काही होत नसणार. तू लहानपणी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचीस.

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. बहिणीला लिहायची गोष्ट नाही. म्हणून असं समज की मी तुझ्या खोलीला लिहितोय, त्या फ्रीजना.

माझं एक गिऱ्हाईक आहे. माझ्याच वयाचं, एकटं राहणारं. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी घ्यायचं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं की गोळीने शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. तसं झालं, आणि तो घाबरला नाही. वर्षभर काळंच होतं.

मग त्याने कुठेतरी ऐकलं की ह्या गोळ्या आतून गंज आणतात. त्याच्या घरात एकाला ते झालेलं आहे. त्याने कोणाला न सांगता गोळ्या सोडल्या, फेब्रुवारीच्या मध्यावर. त्याचा अंदाज असा की रंग बदलला की समजायचं, अंग स्वच्छ झालं.

रंग बदललेला नाही. आधी वाटलं, वर्षभराचं साठलेलं आहे, निघायला वेळ लागेल. तू सहा आठवडे म्हणालीस तेव्हा त्याला जरा धीर आला होता. ते सहा आठवडेही झाले. आता तर जास्तच आहे. डांबरासारखं, चिकट. दोन वेळा पाणी टाकावं लागतं.

तो म्हणतो, गंज इतका खोल गेलाय की आता निघतच नाही. मी त्याला म्हटलं, माझ्या बहिणीला विचारतो.

तो घाबरलेला नाही. नुसतं विचारतोय.

दादा


२ एप्रिल

दादा,

गिऱ्हाइकाला आज, हे पत्र वाचून झाल्याबरोबर, मोठ्या दवाखान्यात ने. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नाही. आधी चहा घेतो, दुकान बंद करून येतो, असं त्याला म्हणू देऊ नकोस.

लोहाचा काळेपणा गोळी थांबली की चार-पाच दिवसांत जातो. फार तर आठवडा. तू मला अंमल कधी उतरतो ते विचारलंस आणि मी धाग्यावरच्या डागांचं उत्तर देत बसले. तू काय विचारत होतास ते मला कळलंच नाही. दीड महिना टिकलेलं काळं गोळीचं नसतं. ते रक्त असतं. आत कुठेतरी गळणारं, आणि खाली येईपर्यंत काळं पडलेलं. डांबरासारखं म्हणालास ना, तेच.

म्हणून तुझं गिऱ्हाईक खिडकी बघायला जिन्यात थांबतं. म्हणून ते तिजोरीसमोर स्टुलावर बसतं. म्हणून त्याच्या चेहऱ्यावर खडू सांडलेला असतो. दादा, तू मला काय समजतोस?

शिवणवाल्या बाईंना आत्ताच फोन केलाय. त्या म्हणाल्या, "कात्री खाली ठेवते आणि उतरते." तरी हे लिहितेय, कारण बाईंचं तू ऐकणार नाहीस. म्हणशील, छोटीने लिहून कळवलं असतं तर गोष्ट वेगळी. घे, लिहून कळवलं. कुरियरवाला सकाळी हातात देईल. मला परवाच्या गाडीत जागा मिळाली आहे.

मी रागावलेली नाही. कुरियरवाला दारात उभा आहे म्हणून अक्षर असं आलंय.

छोटी


२३ एप्रिल

छोटे,

तू कामावर परत गेलीस ते बरं झालं. शनिवारी कापणार, त्याच्या आदल्या दिवशी तू येतेसच. तू दोन आठवडे इथे होतीस तेव्हा मला एक विचारायचं होतं, पण माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि इथे अठरा खाटा आहेत. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा माझे सगळे रिपोर्ट मला पाठ म्हणून दाखवतात.

इथलं सांगतो. सकाळी पडदे सरकवतात, त्यांच्या कड्या गंजलेल्या आहेत, कर्र वाजतात. तो आवाज मला ऐकू येतो, माणसांचा येत नाही. नर्सला म्हटलं, थोडं तेल द्या, मी करून देतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते पडून राहिलात तरी खूप केलंत." रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. कोणाचं रक्त आहे कोण जाणे, दोन दिवस मला बरं वाटलं आणि जेवणावर वासना आली.

दुर्बिणीच्या वेळी तू बाहेर होतीस. डॉक्टर नळी आत सारत होते आणि पडद्यावर बघत होते. बंद कुलपात मीही दिवा धरून असंच बघतो, कुठे अडलंय ते. फरक एवढाच की कुलूप बोंबलत नाही. एका जागी ते थांबले. जे बोलत होते ते बोलायचेही थांबले. मला ऐकू येत नव्हतं, पण तोंड हलायचं थांबलं ते दिसलं. कुलपातला मोडलेला तुकडा दिसला की मी असाच थांबतो.

कापणाऱ्या डॉक्टरांनी मग कागदावर चित्र काढून दिलं. मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे गाठ, लिंबाएवढी. चित्र मी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलंय. रोज बघतो. बघू नये असं ठरवतो आणि बघतो.

मला भीती वाटते, छोटे. आता गिऱ्हाईक वगैरे नाही. दुपारी वॉर्ड झोपतो तेव्हा जास्त वाटते. आई शेवटी भिंतीकडे तोंड करून पडायची. मी कूस बदलताना भिंतीची बाजू टाळतो.

विचारायचं ते हे. मी वर्षभर दोन गोळ्या गिळल्या, रोज, न चुकता. तुम्हाला जे दिसलं, दोन्ही एकत्र घेतल्यावर धाग्यावर पडणारे डाग, ते आणि ही गाठ, ह्यांचा संबंध आहे का? माझ्या हाताने मी हे केलं का? खोटं सांगितलंस तर मला कळेल. मला गुंगी देण्याआधी सांग. मूळ किल्ली कोणी बिघडवली एवढंच हवंय.

दादा


२५ एप्रिल

दादा,

हे पत्र मी स्वतः घेऊन येतेय. तुझ्या हातात देईन आणि खाटेपाशी बसेन. ओरडणार नाही. तू वाच.

नाही. तू केलेलं नाहीस, आणि गोळ्यांनीही केलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, ही गाठ तू पहिली गोळी गिळलीस त्याच्या कितीतरी आधीची आहे. तीच गळत होती, म्हणून रक्त कमी होतं, म्हणून गोळ्या आल्या. आपण उलट्या बाजूने वाचत होतो.

आता आमच्या डागांचं. गेल्या आठवड्यात मोठ्या बाईंनी एकाच माणसाचं रक्त घेतलं, खोट्या गोळ्यावाल्याचं. निम्म्या नळ्या बर्फात ठेवायला लावल्या. निम्म्या नेहमीसारख्या स्टँडवर ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "जा, जेवून ये." मी जेवून आले. बर्फातल्या नळ्यांत डाग नव्हते म्हटलं तरी चालेल. बाहेरच्या नळ्यांत चौथ्या गटाएवढे होते.

मी रोज नळ्या आकड्यांच्या क्रमाने घ्यायचे. चौथा गट शेवटी यायचा. तो येईपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची आणि त्या नळ्या उघड्या हवेत उभ्या राहायच्या. डाग लोकांच्या अंगात पडले नव्हते. माझ्या टेबलावर पडले. हवा लागून. शेवटच्या रक्ताला क्रम मोडला होता, म्हणून डाग कुठल्याही गटात दिसले. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "आपणच गंजवलं आणि आपणच मोजलं." मग स्वतःच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आता सगळं काम नव्याने करायचं आहे. बर्फात केलेल्या पहिल्या नळ्यांत चारही गट सारखेच दिसताहेत. शेवटी काय निघेल ते मी सांगू शकत नाही, पण मी तुला फेब्रुवारीत लिहिलं ते खरं नव्हतं, एवढं नक्की.

म्हणजे तू ज्याला घाबरलास ते नव्हतंच.

पण दादा, त्याला घाबरून तू गोळ्या सोडल्यास. सोडल्या म्हणून काळं राहिलेलं दिसलं. आईने एक गोळी चुकवली नाही. मावशीला परवा विचारलं. म्हणाली, "तिलाही काळं व्हायचं, सगळे म्हणायचो, गोळीचंच आहे." आई डॉक्टरांचं ऐकणारी होती. शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि कोणाला काही दिसलं नाही.

मला हे लिहिताना भीती वाटते. मी तुला शपथ घालायला निघाले होते, गोळ्या थांबवू नकोस म्हणून. तू माझं ऐकलं असतंस तर?

उद्या ते तुला नेतील तेव्हा मी दारापर्यंत येईन. भिंतीच्या बाजूला मी बसेन. तू माझ्याकडे तोंड करून पड.

छोटी


१९ मे

छोटे,

घरी आलो. तू गेल्यावर दोन दिवसांनी रिपोर्ट आला. शिवणवाल्या बाईंनी पाकीट उघडलं, कारण माझ्या बोटांत जोर नव्हता. म्हणजे होता, पण नव्हता. त्या वाचत होत्या आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. गाठ सबंध निघाली आहे. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत. शेजारच्या ग्रंथींमध्ये काही पसरलेलं नाही. बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता तरी हसा. का त्यालाही किल्ली लागते?"

हसलो. टाके दुखले.

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. ओळख बघू कुठली. लोहाची एक, सीची एक. रोज, रक्त भरून येईपर्यंत, वर्षभर तरी. तुझ्या बर्फातल्या नळ्यांची आठवण काढून घेतली. दोन्ही तळहातावर ठेवून बराच वेळ बघत होतो, पण घेतली.

तिसऱ्या दिवशी काळं झालं.

होणारच, मला माहीत आहे. तू सांगितलंस, त्यांनी सांगितलं, पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनीसुद्धा सांगितलं. पण मी न्हाणीघरात उभाच राहिलो. आता हे काळं कोणाचं, गोळीचं की माझं? आधी मला माहीत नव्हतं म्हणून मी निवांत होतो. आता वर्षभर रोज सकाळी तेच काळं बघायचं आणि रोज म्हणायचं, गोळीचं आहे, गोळीचंच आहे. आई असंच म्हणायची ना? दुर्बीण ते पुढच्या वर्षी घालणार. तोवर कुलूप बंद. आत काही हललं तर बाहेरून दिसणार नाही.

गोळ्या सोडल्या तर रक्त भरत नाही. घेतल्या तर डोळे जातात. ह्यातून वाट असेल तर सांग. नसेल तरी लिही.

दादा


२७ मे

दादा,

वाट आहे. तुझ्या डॉक्टरांना मीच फोन केला. आधी म्हणाले, गरज नाही. मग मी त्यांना आईचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, "ठीक आहे, करू दे. झाली तर मदतच होईल."

दर तीन महिन्यांनी एक आठवडा दोन्ही गोळ्या थांबवायच्या. रक्तावर काही परिणाम होत नाही तेवढ्याने. आठव्या दिवशी सकाळी बघायचं. रंग नेहमीचा असेल तर गोळ्या परत चालू. नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात. मधले तीन महिने बघायचंच नाही, दिवा न लावता जा हवं तर. ह्या तीन महिन्यांत आलेल्या काळ्याला काही अर्थ नाही. अर्थ फक्त आठव्या दिवसाच्या सकाळी.

आणि त्या सकाळी मला लिहायचं. गिऱ्हाइकाचं नाव न घेता.

मोठ्या बाईंनी मला काढलं नाही. नवीन बर्फाची पेटी आणली आहे आणि जेवणाची सुट्टी आता आळीपाळीने. त्या तुझी चौकशी करतात. "पेलावाले कसे आहेत?" असं विचारतात.

मला कधी कधी वाटतं, आपण सगळेच काहीतरी मोजत असतो आणि आपल्याच टेबलावरचे डाग बघून घाबरत असतो. पण तुझ्या बाबतीत असं म्हणायची हिंमत नाही. तू बघच.

छोटी


२ सप्टेंबर

छोटे,

आज आठवी सकाळ.

अजून गेलो नाही. कळ आली आहे, पण आधी हे पत्र लिहायला बसलो. उगाच नाही बसलो. गेलो आणि वाईट निघालं तर पुढे काही लिहवणार नाही, आणि तुला कोरा कागद मिळेल. म्हणून बाकीचं आधीच लिहून ठेवतो.

दुकान उघडतो. जड दरवाजे दुसऱ्यांकडे पाठवतो. जिन्याच्या वळणावर थांबत नाही; परवा सवयीने थांबलो, तर लक्षात आलं की दम लागलेलाच नाही. खिडकीतून खरोखरच काही दिसत नाही, समोरच्या घराची मोरी दिसते. शिवणवाल्या बाईंना आजचं माहीत आहे. कालपासून त्यांचं यंत्र बंद आहे. वर टाच वाजवत फिरताहेत, मला ऐकू येत नाही पण छताची धूळ पडते.

सगळा आठवडा झोप बरी लागली. काल मात्र नाही. पेल्यातली ती काळी किल्ली मी फेकली नव्हती, ती आज सकाळी फेकली. त्याने काही होत नाही, मला माहीत आहे.

आई बघायला घाबरायची नाही. तिला बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. मला माहीत आहे, म्हणून अजून इथेच बसलोय.

खाली जागा ठेवतो. एक शब्द मावेल एवढी. पेन कागदावरच ठेवून जातो.

दादा


पिवळं.